मागच्या चाकांची उलटतपासणी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य केली नाही. स्वतःला ताप आला आहे, हेसुद्धा नाही. ते कर्जतला वकिली करायचे. कोर्टातून आल्यावर अंगावरचा काळा कोट खुंटीला लागायचा, वकिली मात्र अंगावरच राहायची. एकदा स्वयंपाकघरात दूध सांडलं, तर त्यांनी मांजराची बाजू इतक्या हिरिरीने मांडली, की माझ्या थोरल्या बहिणीने कंटाळून "मीच सांडलं हो!" असं कबूल करून टाकलं. ताईच्या हातून आमटी खारट झाली की विचारायचे, "मिठाची बरणी शेवटी कोणाच्या ताब्यात होती?" आणि उत्तर येईपर्यंत ती आमटी भुरके मारत संपवूनही टाकायचे. माणूस मनाने लोण्यासारखा. पण प्रश्न विचारायला लागला की देवानेसुद्धा देव्हाऱ्यातून काढता पाय घ्यावा.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल परमिटावर मिळायचं आणि टायर तर नवस बोलूनही मिळत नव्हते. अशा काळात दाजींकडे लाकडी आऱ्यांच्या चाकांची एक जुनी मोटार होती, आणि तिला काही महिन्यांपासून एक खोड लागली होती. जरा वेग घेतला की ती मागून थडथडायला लागायची, वेग कमी केला की शहाण्यासारखी गप्प. दुसऱ्या कोणी मिस्त्रीला हाक मारली असती. दाजींनी खटला उभा केला. "स्टिअरिंग हातात शांत आहे. हादरते ती मागची बैठक. म्हणजे पुढची दोन्ही चाकं निर्दोष!" उरली मागची दोन. रोज संध्याकाळी दाजी गाडीमागे खुर्ची टाकून बसायचे आणि आरोपींकडे टक लावून पाहायचे. "काढून बघा ना एकेक," मी एकदा म्हटलं. ते केवढ्याने दचकले! "आरोप सिद्ध झाल्याशिवाय कोणाचाही नट ढिला करायचा नसतो."

आमची आई नव्हती, म्हणून ताईच्या बाळंतपणासाठी मीच कर्जतला येऊन राहिले होते. ताईची आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती. त्यामुळे या खेपेला घरात कोणी बाळाचं नाव काढत नव्हतं. बोलणं व्हायचं ते चाकांचं. मला वाटतं, दाजी त्या चाकांना एवढे चिकटून बसले होते ते त्यासाठीच.

एके दिवशी पहाटेपासून ताईला कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. शेवटी सुईण पदराला हात पुसत बाहेर आली. "वकीलसायेब, मूल आडवं हाय. आता माज्या हातात काय न्हाई ऱ्हायलं. नगरला न्या बाईला, आन् बिगीबिगी न्या!"

दाजींनी एकही प्रश्न विचारला नाही. ते थेट गाडी काढायला धावले.

ताईचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. मिरजगाव मागे पडलं आणि दाजींनी वेग घेतला. लगेच गाडी थडथडू लागली आणि ताईच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की दाजींचा पाय आपोआप वर आला. हळू चालवावं तर कळा घाईवर आलेल्या आणि नगर अजून कुठल्या कुठे. जोरात चालवावं तर प्रत्येक हादरा ताईच्या पोटात जायचा. दाजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. पुन्हा वेग, पुन्हा किंकाळी. अखेर एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली.

"दोन्ही चाकं काढून बघण्याइतका वेळ नाही," ते खाली उतरत म्हणाले. "एकच काढता येईल." कोट काढून त्यांनी रस्त्यावर टाकला. पाना हातात घेऊन कधी उजव्या चाकापाशी, कधी डाव्यापाशी असे ते येरझाऱ्या घालत होते. एवढा मोठा वकील, पण त्याला निकाल देता येईना. शेवटी उजव्या बाजूला त्यांनी जॅक टेकवला.

"अहो, ते नको!" ताई कण्हत उठायला बघत होती. "डावं. आतल्या बाजूला हात घाला. मी बांधून घेतलीय."

"काय बांधून घेतलंयस?"

"काळ्या घोड्याची नाल. सुईण म्हणाली, घरच्या गाडीला बांधा, या खेपेचं बाळ टिकेल. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही पुरावा मागितला असता."

दाजी स्वच्छ धोतरानिशी धुळीत आडवे झाले. काळ्या फडक्यात गुंडाळलेली, तारेने आऱ्याला आवळलेली ती वजनदार नाल चिखलाने माखून चाकाचाच एक भाग होऊन बसली होती. ते तार पिळायला लागले तशी ताई रडकुंडीला आली. "काढू नका हो! आज तरी काढू नका!"

दाजींचा हात थांबला. मला वाटलं, आता हे अंधश्रद्धेवर भाषण देणार, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांनी मुकाट्याने तार सोडवली, नाल धोतराला पुसली आणि दारातून वाकून ताईच्या मुठीत दिली. "चाकाला नको. तू धर. घट्ट धर हं."

त्यानंतर गाडी जी धावली, ती थेट नगरच्या दवाखान्याच्या दारात. पुढचा वेळ कसा गेला ते आठवत नाही. बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते.

डोळे पुसून बाहेर आले, तर दाजी अजून गाडीतच होते. "मुलगी झाली," मी म्हटलं, "दोघी सुखरूप आहेत."

"तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं. माझं बोट धरलं तिने."

दाजी जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. चार माणसं जमली की त्यांच्या उलटतपासण्यांचे किस्से निघतात, आणि सगळ्यांत जास्त मीच हसते. पण त्या संध्याकाळचं मी कोणाला सांगत नाही. इंजिन केव्हाच बंद झालं होतं, गाडी जागेवर उभी होती, आणि तरी दाजींच्या हातातलं स्टिअरिंग खडखडत होतं. ते हात शांत होईपर्यंत मी तिथेच, दाराला धरून उभी राहिले.