आडनावाचा रकाना

फरीदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळते. सोमवारपासून सगळ्यांची हजेरी लॉगिननेच लागणार, असं फर्मान निघालं आणि पहिल्यांदाच डॉक्टर-बाबूंच्या जोडीला वॉर्डातल्या आया, सफाईवाले यांचीही नावं सर्व्हरच्या डिरेक्टरीत घालायची ठरली. डिरेक्टरीत नाव असेल तरच लॉगिन, नाहीतर गैरहजर. एकेक नाव हाताने भरत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. म्हणून शनिवारी दुपारी सर्व्हर बंद केला, सगळी नावं एका फाईलमध्ये रचली आणि काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड देऊन ती एकदम आत ओतायला घेतली.

आधी छान सरसर चाललं, मग अडलं. आडनाव नाही, नोंद घेणार नाही! अडलेल्या सोडून पुढे जा, असं सांगून पुन्हा चालवलं. बाहेर कोण राहिलं? जवळजवळ सगळ्या आया आणि सफाईवाले. इकडे कितीतरी लोकांना नुसतं नाव असतं, आडनाव नसतंच. आधारवर तेच, बँकेतही तेच.

माझं डोकंच सटकलं. आम्ही विदर्भातले बौद्ध. बाबांच्या सरकारी नोकरीमुळे मी दिल्लीत वाढले. इथे नुसतं नाव सांगून भागत नाही, आडनाव कळेपर्यंत समोरच्याला चैन पडत नाही, आणि कळल्यावर काहींचे चेहरे कसे बदलतात ते मी शाळेपासून बघितलंय. आता मशीननेही तेच सुरू करावं?

आमचे साहेब तसे भले, पण घाईचे. म्हणाले, "अरे यार, बायकांना देवी लावा, पुरुषांना कुमार. लग्न झालेल्यांना नवऱ्याचं आडनाव. नाहीतर तपासणीच बंद करा आणि ढकलून द्या आत."

तपासणी बंद करून ढकलता येतं, खरंय. पण उद्या त्या नोंदीत साधा फोन नंबर बदलायला गेलं तरी सर्व्हर अडून बसणार आणि बोलणी मीच खाणार. आणि नवऱ्याचं आडनाव लावायचं तर निदान त्या बाईला विचाराल की नाही?

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथल्या आयाला सगळे दीदी म्हणतात. माझी लेक इथेच झाली, तिला पहिली अंघोळ घालणारी हीच. चादरींच्या घड्या घालत होती. मी विचारलं तशी थांबली.

"उसका नाम मत लगाना, बेटा. बरसों पहले छोड़ आई उसे. नौकरी मेरी है." आणि लगेच घाबरून, "लेकिन हाज़िरी तो लगेगी ना?"

"लगेगी दीदी, बिल्कुल लगेगी," मी ठोकून दिलं. कशी लागणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

खाली येऊन चहा मागवला आणि तो नियम पुन्हा नीट वाचला. रकाना रिकामा नको, एवढंच त्यात होतं. बापाचं हवं, नवऱ्याचं हवं, असं कुठे लिहिलंय? अगं बाई! मग ज्याचं त्याचं नावच तिथे पुन्हा टाकायचं. अडलेल्या नोंदी तशा दुरुस्त केल्या, कमांड दिली. एकही बाहेर राहिली नाही. मी खुर्चीतच टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "अच्छा, चलेगा."

सोमवारी दीदी लॉगिन करायला आली. स्क्रीनवर बोट ठेवून अक्षरं लावत तिने नाव वाचलं. पुढे तेच नाव दिसलं, तशी माझ्याकडे बघायला लागली. मी ओशाळून सांगितलं, मशीनला आडनाव लागतंच, म्हणून तिथेही तुलाच बसवलं.

"तो पीछे भी मैं ही?"

मी मान हलवली. तिने बटण दाबलं, हजेरी लागली. मग दाराकडे वळून बाहेर घुटमळणाऱ्या बाकीच्या आयांना तिने हाक मारली, "आ जाओ री, सबका अपना-अपना है!"