बहुमत गेलं तेव्हा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरजवळ येलवालच्या बसथांब्यावर उभा होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली..." बस आली, निघूनही गेली, मी तिथंच. कुवेंपुनगरात तिच्या घरी पोचलो, तर फाटकाबाहेर तिच्या विद्यार्थ्यांची गर्दी, केस पिकलेली माणसं. दुःख होतंच, पण अभिमानानं ऊर भरून आला. माझी बहीण ही!

विमलाअक्का बन्नूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. घरात आमची मराठी, वर्गात तिची कन्नड. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात काढूनही कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" विचारलं, की ती म्हणायची, "इथलीच. घटनेत नागरिकत्व एकच आहे, भारताचं." ही घटना मुलांकडून घोकून घेणं तिला पटेना, म्हणून तिनं वर्गात संसदच भरवली. मुलांनी निवडणूक लढवली, खासदार झाले, एक मुलगी लोकसभेची अध्यक्ष झाली. अक्का स्वतः राष्ट्रपती.

पंतप्रधान झाला शिवण्णा, गावातल्या बड्या ऊस बागायतदाराचा मुलगा. खेळाचं मैदान सगळ्यांना खुलं करीन म्हणून निवडून आला आणि आपल्या दोस्तांनाच खेळू देऊ लागला. मग त्याच्याच पक्षातल्या मुली उलटल्या. अविश्वासाचा ठराव आला, हात वर झाले, सरकार पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मुलाचा हात धरून शाळेत हजर. कॉलेजच्या सुटीत मी अक्काबरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

"मेडम, सुम्ने, उगाच पोरांचा खेळ हा," ते म्हणाले. "राहू दे की त्यालाच. राष्ट्रपती तुम्हीच ना?"

"आहे की. पण लोकसभेनं विश्वास काढून घेतला, की राष्ट्रपतीलाही पंतप्रधान राखता येत नाही."

ते हसले. "तुमची बदली व्हायला माझा एक शब्द पुरे."

अक्काची मुलं तेव्हा लहान होती. बदली म्हणजे सगळ्या संसाराची फरपट. तिनं टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसली... आवाज मात्र वर्गात असायचा तसाच. "बदली करायचा अधिकार सरकारला आहे. करवा. पण नसलेलं बहुमत द्यायचा अधिकार मला नाही."

 तेवढ्यात शिवण्णाच म्हणाला, "अप्पा, चला. हात मी स्वतः मोजले होते. हरलो मी."

बदली झाली नाही. शिवण्णा विरोधी पक्षनेता झाला आणि त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, मुलींच्या संडासाला आतून कडी का नाही? मुख्याध्यापकांना सुतार बोलवावा लागला. हे सांगताना अक्का अशी खुलायची, जणू दिल्लीच्या संसदेतच ते घडलं होतं!

तेरावा झाल्यावर आम्ही सगळे तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिची खोली भाड्यानं द्यायची का, असा विषय निघाला. या घरात काहीही हात वर करूनच ठरतं. तिनंच लावलेली सवय. सगळ्यांचे हात वर गेले. अक्काची नात अनघा तेवढी हात मांडीवर ठेवून बसलेली. "ठरलं मग," म्हणता म्हणता भाचा थांबला.

"अनघा, तू विरोधात ना? बोल. आम्ही ऐकतोय."

अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, अडखळत अनघा बोलू लागली. तिचं संपेपर्यंत मध्ये कुणीही बोललं नाही.