पाव्हण्याचा पट्टा

आमच्या गाडीला पाच सीट बेल्ट होते आणि त्यातले मागचे तीन कुठे आहेत, हे जगात फक्त मला माहीत होतं.

कारण ते मीच गाडले होते. कळमनुरीत माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली तेव्हा तिच्यासाठी मी असं कव्हर शिवलं की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मरून रेक्झिन, त्यावर पिवळ्या धाग्याची चौकटीची शिलाई. मागच्या सीटवर तर एक सुरकुती नाही की एक फट नाही! आता फट ठेवायचीच नाही म्हटल्यावर बेल्टची बक्कलं बाहेर राहणार कुठून? गेली बिचारी आत. गिऱ्हाईकं बघून म्हणायची, "वा!" बायको म्हणायची, "पट्टे कुठं गेले?" (कलेची कदर घरात होत नाही.)

माझा स्वतःचा पट्टा तेवढा मोकळा होता, पण तो मी लावत नव्हतो. न लावता गाडी चालवली की ती टिंग-टिंग करत डोकं उठवते. म्हणून बक्कलमध्ये मी नुसती एक क्लिप खुपसून ठेवली होती. गाडीला वाटायचं, मालक बांधलेला आहे. चौकात पोलीस दिसला की मी पट्टा छातीवर ओढून एका हातानं धरायचो आणि चौक संपला की सोडून द्यायचो. ही युक्ती मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रेमानं करून दाखवत असे.

बायको सुनंदा अंगणवाडीत आहे. लेकरांना रांगेत बसवून बसवून तिची सवय अशी झाली आहे की अंगणातून गेटपर्यंत गाडी न्यायची असली तरी ती आधी पट्टा लावणार.

तर पाव्हणा. एक दिवस दुकानात एक तांबडं गावठी कुत्रं आलं आणि फोमच्या गठ्ठ्यावर जाऊन झोपलं. सुनंदाला म्हटलं, "राहील दोन दिवस पाव्हण्यासारखं आणि जाईल." ते गेलं नाही. नाव तेवढं पडलं. दोन महिन्यांत पाव्हणा दुकानातून घरात, घरातून गाडीत आणि गाडीत खिडकीपाशी पोचला. काच खाली करून तोंडावर वारा घेणं हा त्याचा एकमेव शौक.

पुण्याला शिकणाऱ्या आमच्या लेकीनं त्याच्यासाठी छातीला बांधायचा पट्टा पाठवला. त्याच्या दुसऱ्या टोकाला सीट बेल्टच्या बक्कलमध्ये अडकवायची जीभ होती. मी खूप हसलो. "कुत्र्याला सीट बेल्ट! उद्या हेल्मेट पाठवंल!"

त्या दिवशी आम्हाला सेनगावला जायचं होतं. माझ्या मेव्हण्याच्या, बाळूच्या मुलीला, वैष्णवीला बघायला लोक येणार होते. वाटेत हिंगोलीत पाव्हण्याला रेबीजची सुईही द्यायची होती, म्हणून त्याला सोबत घेतलं. निघताना सुनंदानं त्याच्या छातीला पट्टा बांधला आणि मागच्या सीटवर बक्कल शोधायला लागली.

"अहो, कव्हरला जरा कातर लावते."

"खबरदार! माझ्या शर्टाला लाव एकवेळ, कव्हरला लावू नको!"

"मग ह्याला अडकवू कशात?"

"कशाला अडकवायचं? तासाभराचा तर रस्ता हाय. मी चालवून राहिलो ना गाडी?"

"त्याचीच भीती हाय," असं म्हणून सुनंदा पुढं बसली आणि तिनं आपला पट्टा खटकन लावला. मागं पाव्हणा आणि त्याच्या शेजारी गुलाबजामचा मोठा डबा. दोघेही मोकळे.

तेवढ्यात बाळूचा फोन. "दाजी, पाव्हणे हिंगोलीहूनच येऊन राहिले. वाटेत गाठ पडली तर सोबतच घेऊन या." मी म्हटलं, "बराबर!" (मी त्या लोकांना कधी पाहिलं नव्हतं, पण नाही म्हणायची मला सवय नाही.)

हिंगोलीत सुई झाली. पाव्हणा डॉक्टरवर, सुनंदावर आणि मुख्यतः माझ्यावर रुसून मागं उभा राहिला. सेनगावचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना तुरी डोक्याइतक्या वाढलेल्या. मी गाणं गुणगुणत होतो आणि एकाएकी तुरीतून रोही बाहेर आलं. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, रस्त्याच्या मधोमध येऊन उभं!

मी करकचून ब्रेक दाबला. पुढं काय झालं ते सुनंदा नीट सांगू शकते, कारण गाडीत आपल्या जागेवर ती एकटीच राहिली होती. मी नाकानं हॉर्न वाजवला. पाव्हणा दोन सीटांच्या मधून सुटला तो पुढच्या काचेवर आपटला आणि केकाटत माझ्या पायात पडला. आता ब्रेकवर पाय नाही, ब्रेकखाली कुत्रं! गाडी आपल्या मनानं सावकाश रस्ता सोडून खाली उतरली आणि दोन चाकं नालीत घालून तिरकी उभी राहिली. मग डबा आला. झाकण एकीकडे, पाक माझ्या पाठीवर आणि एक गुलाबजाम कॉलरमधून थेट आत. पाव्हण्यानं माझ्या मांडीवरून खिडकीबाहेर झेप घेतली आणि तो तुरीत दिसेनासा झाला. रोही शांतपणे निघून गेलं.

"लागलं का हो?" सुनंदानं पट्टा सोडत विचारलं.

"पाठीतून रक्त येऊन राहिलं," मी कण्हलो.

तिनं पाठीला हात लावून बघितला. "पाक हाय तो. रक्त नाकातून येतंय."

तेवढ्यात पुन्हा बाळूचा फोन. मी एका हातानं नाक आणि दुसऱ्या हातानं फोन धरला.

"दाजी, कुठपर्यंत आलात?"

"बाळू, घात झाला! पाव्हणा गाडीत उडाला रे!"

"काय?"

"रोही आडवं आलं. पाव्हणा काचेवर आपटला, माझ्या पायात पडला आणि उडी मारून तुरीत पळाला!"

"पळाला? काहून?"

"बिथरला. सकाळीच सुई टोचली होती ना त्याला!"

"कशाची सुई?"

"पिसाळण्याची!"

बाळू पुढं काय बोलला कळलं नाही, कारण पाकानं बुळबुळीत झालेल्या हातातून फोन सुटून डब्यात पडला. डब्यात तीन गुलाबजाम आणि भरपूर पाक शिल्लक होता. फोननं एक बुडबुडा सोडला आणि डोळे मिटले. सुनंदाचा फोन घरी चार्जिंगला राहिला होता. (ती कधी काही विसरत नाही. नेमकी त्याच दिवशी विसरली.)

आम्ही तुरीत शिरलो. हसण्याची वेळ नव्हती. पाव्हणा लंगडत गेलेला मी पाहिला होता, आणि बिथरलेलं जनावर ट्रकच्या रस्त्यावर गेलं तर काय होतं हेही मला माहीत होतं. सुनंदाचा आवाज रडवेला झाला होता. "पाव्हणंऽऽ! या बरं माघारी! कुणी मारत न्हाई तुमाला! बिस्किट देते!"

रस्त्यावर एक गाडी थांबली. चालवणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, शेजारी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण. दोघांच्याही छातीवर पट्टा. गृहस्थांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, आमाला आवाज देऊन राहिल्या का?"

"न्हाई हो, कुत्र्याला!"

ते खाली उतरले. माझं नाक बघितलं, तिरकी गाडी बघितली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "अरारा! पाव्हणं, इकडं या, बघू दे!"

ते मला म्हणत होते. पण वीस पावलांवरची तूर हलली आणि पाव्हणा बाहेर आला. तीन पायांवर. एवढी माणसं उभी असताना तो लंगडत सरळ माझ्याकडे आला आणि थरथरत माझ्या पायावर अंग टाकून बसला. ज्याच्यापायी आपटला त्याच्याच पायावर! नाकात कळ होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी अजूनही सांगतो.

तरुणानं शर्टाची पर्वा न करता खाली बसून त्याचा पाय हलक्या हातानं चाचपला. "मोडल्यासारखं वाटत न्हाई काका, मुका मार असंल. पण डॉक्टरला दाखवाच." मग त्या दोघांनी धक्का देऊन आमची गाडी वर काढली.

"ह्याला मोकळंच बसवलं होतं?" गृहस्थांनी विचारलं.

"बांधायचा पट्टा हाय," सुनंदा म्हणाली, "बक्कल न्हाई."

"बक्कल कुठं गेलं?"

मी तुरीकडे बघायला लागलो.

"कव्हरच्या आत हाय," सुनंदा म्हणाली.

"असलं कव्हर कोण्या गाढवानं शिवलं?"

"हे काय, समोर उभे हायत!"

गृहस्थ जरा वरमले, पण थांबले नाहीत. "उभी हयात एसटी चालवली मी. ब्रेक दाबला की गाडी थांबते, आतलं माणूस थांबत न्हाई. मुकं जनावर तर काहीच धरू शकत न्हाई. ते उडतं, आणि वरून तुमच्याच ब्रेकखाली येतं. आज नालीवर भागलं म्हणायचं."

सुनंदानं डिकीतली माझी दुकानाची कातर काढली आणि माझ्या हातात दिली. मी पिवळ्या चौकटीत पहिली कातर घातली. कर्रकन आवाज आला. आतून नवंकोरं बक्कल बाहेर आलं. पाव्हण्याच्या पट्ट्याची जीभ त्यात खटकन बसली. पाव्हणा मुकाट आडवा झाला.

"कुठं निघालात?" गृहस्थांनी विचारलं.

इतका वेळ मी ऐकून घेतलं होतं. आता मला थोडा रुबाब दाखवायचा होता. "सेनगावला. मेव्हण्याच्या पोरीला बघायला लोक येऊन राहिले. येतील दोन तास उशिरानं, मिशीला पीळ देत! पोराकडच्या लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नसते बघा."

गृहस्थांचा मिशीवर गेलेला हात हळूच खाली आला.

"आमी बी सेनगावलाच निघालो," ते म्हणाले. "पोरगी बघायला."

सुनंदानं पदर डोक्यावर घेतला. तरुण तुरीकडे बघायला लागला. (त्या दिवशी त्या तुरीकडे फार लोकांनी बघितलं.) मी छातीवर पट्टा ओढला, क्लिप उपटून फेकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर लावला, मुख्यतः तिथून लवकर निघता यावं म्हणून.

बाळूच्या दारात आमची गाडी आधी पोचली. बघतो तर सगळी गल्ली जमलेली! एक जीप निघायच्या बेतात, बाया डोळ्यांना पदर लावून, आणि बाळू हातात फोन घेऊन घामाघूम. "मुलाला रोह्यानं उडवलं, दाजी सांगून राहिले पिसाळला म्हणून, आन् त्याचे वडील फोन उचलत न्हाईत!" असं तो सगळ्यांना ओरडून सांगत होता. (वडिलांचा फोन गाडीत होता आणि वडील आमच्या गाडीला धक्का देत होते.)

गर्दीतून वैष्णवी अनवाणी धावत आली. हीच पोरगी महिनाभर म्हणत होती, "तुमी म्हणता म्हणून बसते पाटावर, बाकी मला काही हौस न्हाई."

"मामा! कसे हायत ते? जिते हायत ना?"

"कोण, पाव्हणा?" मी म्हणालो. "हाय की मागं. पट्टा लावून झोपलाय."

तिनं मागचं दार उघडलं. पाव्हण्यानं तिचा हात चाटला. ती किंचाळायच्या आत मागची गाडी येऊन थांबली आणि मातीनं माखलेला शर्ट घालून तो तरुण उतरला.

"अगं, मला काही झालं न्हाई," तो म्हणाला.

"मग फोन तरी करायचा ना रे!" वैष्णवी म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

'अगं' आणि 'रे' सगळ्यांनी ऐकलं होतं. हिंगोलीच्या कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते आणि स्थळ त्यांनीच एका मैत्रिणीच्या काकूमार्फत सुचवलं होतं, हे मग हळूहळू बाहेर आलं. बघायचा कार्यक्रम रस्त्यातच उरकला. पोहे तेवढे आत झाले. मी नाकात कापूस घालून कोपऱ्यात बसलो होतो. जनावरांच्या डॉक्टरनं पाव्हण्याचा पाय बघून मुका मारच सांगितला.

शेवटी मिशीवाले गृहस्थ खाकरले. "आमची एक अट हाय."

बाळूचा चेहरा उतरला.

"वरातीच्या सगळ्या गाड्यांत सगळ्यांनी पट्टे लावायचे. आणि कव्हर ह्यांच्याकडून शिवायचं न्हाई!"

लग्न थाटात झालं. पाव्हणा चारी पायांवर हजर होता. दुकानात आता मी आधी बक्कलांची खाच कापतो आणि मग कव्हर शिवतो. पट्ट्याची तर इतकी सवय लागली आहे की परवा दाढी करायला न्हाव्याकडे गेलो, खुर्चीत बसलो आणि हात आपोआप खांद्यामागं गेला.

"काय शोधून राहिले, दादा?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो.

इतक्यावर निभावलं असतं. पण दाढी झाल्यावर, दुकान गिऱ्हाईकांनी भरलेलं असताना, मी आधी आरशात बघितलं, मागून कुणी येत नाही याची खात्री केली आणि उजव्या हातानं खुर्चीचं दार उघडायला लागलो!