कुंडीतलं काळं खत

हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. कचेऱ्या उघडत होत्या आणि प्रत्येक कचेरीच्या व्हरांड्यात कुंड्या हव्या होत्या. मी एका खाजगी रोपवाटिकेत देखरेखीला होतो. कुंड्या भरायचं खत कुणाकडून घ्यायचं, हे मी म्हणेन तसं ठरे. त्यात मी एका बाईचं वाटोळं केलं. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

ती शिरड शहापूरची. बौद्धवाड्यातल्या सात-आठ बायकांना घेऊन तिनं खत करायला घेतलं होतं. मेंढ्यांच्या लेंड्या, मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार, हळदीचा पाला, थरावर थर. पाणी शिंपडायचं, ढीग उलथायचा, पुन्हा रचायचा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आम्ही रोपं विकायला बसायचो. तिथं ती एक पोतं आणि तेलाचा कापलेला डबा घेऊन आली. डब्यात त्याच खतावर बोटभर मेथी उगवलेली होती.

खत तपकिरी, हलकं, भुसभुशीत. मी उभ्यानंच पाहिलं.

"रंग नाही याला."

"रंगाचं काय घेऊन बसले साहेब? मुठीत दाबून बघा. गोळा व्हतो, अन् बोट लावलं की मोडतो."

"कुटार दिसतंय अजून."

"दिसू द्या. गरम न्हाई ते. हात घाला की आत. काहून मागं सरून राहिले?"

शेजारचा बियाणेवाला म्हणाला, "साहेब, घाला हात. मग दुपारी भाकर डाव्या हातानं खा." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. "हा केर आहे बाई, खत नाही," म्हणालो आणि पोत्याचं तोंड पायानं मिटलं.

पुढच्या बाजारी माझ्या एका सोयऱ्यानं खत आणलं. त्यात मी कोपरापर्यंत हात घातला. काळंभोर आणि जड. आम्ही काळ्या रानाची माणसं. काळं आणि जड दिसलं की पुढं विचारत नाही. पण मला कळलं होतं. निम्मा तलावाचा गाळ होता, उरलेलं अर्धकच्चं शेण, आणि आतून ते कोमट लागत होतं, म्हणजे कुजणं अजून चालूच होतं. शेतात खपून गेलं असतं, कुंडीत नाही. तरी मी होकार दिला.

रोपवाटिकेच्या मालकांनी तिच्याकडूनही एक पोतं मागवून त्याच्या दहा-बारा कुंड्या भरून घेतल्या, बघू म्हणून.

दोन महिन्यांत काळ्या कुंड्यांत पाणी वरच साचायला लागलं. सुकलं की माती कडेपासून सुटे आणि भेगा पडत. रोपं पिवळी पडून मेली. मी एक कुंडी उपडी केली तर आतली माती विटेसारखी घट्ट निघाली, तळाशी नासका वास. तिच्या कुंड्या मात्र तरारल्या होत्या. त्या मी सगळ्यांत आधी, मालकांनी बघायच्या आत, गाडीत भरून हिंगोलीला पाठवल्या. मग मालकांना सांगितलं, "बायकांचं कच्चं खत चांगल्यात मिसळलं गेलं, त्यानं मुळं जळाली." बाजारातही चारचौघांत तेच बोललो. त्यानंतर तिच्या पोत्याची दोरीसुद्धा कुणी सोडून पाहिली नाही. बायका पुन्हा दुसऱ्यांच्या रानात निंदायला गेल्या.

रंगाला फसलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. ते पोतं दुसऱ्या आळीतून आलं असतं, तर माझा हात आपोआप आत गेला असता.

नोकरी सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. ती दारात तूर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, गाडीत भरलेल्या कुंड्यांसकट. ती निवडत राहिली.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "माझ्या तेवढ्या कुंड्या उचलल्याचं कानावर आलं तवाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणापाशी बोलू? ठरवणारे तुमीच."

मी म्हणालो, पाहिजे तर लिहून देतो.

"लिहून मी काय करू? खोटं बोलले तवा कागद लागला व्हता का? बाजारात बोलले ना, बाजारातच सांगा. माझ्या दारात येऊन सांगायला काय तकलीफ पडते तुमाला?"

मी होय म्हणून उठलो.

बाजारात गेलो नाही. तिथं मला ओळखणारे अजून आहेत, अन् अजून साहेब म्हणतात. म्हणून हे घरात बसून लिहिलं. तिनं हे मागितलं नव्हतं.