दोनशे साठ मिली पाऊस

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणार तर तुम्ही आहातच! मग निदान हातातला चहा तेवढा आधी संपवा. अंगावर सांडला तर मला बोल लावू नका.

तीस वर्षं मी मास्तरकी केली. आमच्या गुंजवण्याच्या खोऱ्यात मला आजही सगळे गुरुजीच म्हणतात. शिकवायला सगळेच विषय, पण जीव गणितावर. उत्तर बरोबर आलं आणि पुढं एकक लिहिलं नसलं, तर मी अर्धा गुण कापायचोच. "बारा म्हणजे काय रे? बारा बैल का बारा वांगी?" अशी माझी गर्जना व्हायची. पोरं चळाचळा कापायची. असा मी!

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी मोजायला लागतंच. कुणी गोळ्या मोजतं, कुणी पावलं मोजतं. मी पाऊस मोजायला लागलो. अंगणात पर्जन्यमापक बसवलाय. नाव मोठं, पण प्रकार साधा. वर नरसाळं, खाली बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं. त्या मापावर मिलीमीटरच्या रेघा आखलेल्याच असतात. रेघ बघायची, वहीत लिहायची आणि 'खोऱ्यातला पाऊस' नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. वेल्ह्यापासून भोरपर्यंतचे दोनेकशे शेतकरी त्या ग्रुपवर आहेत. माझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणतात. म्हणायचे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडं पूर्ण मिलीमीटर कुणी म्हणत नाही. "काल किती मिली झाला, गुरुजी?" "चाळीस मिली." संपलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

तर गोष्ट गेल्या डिसेंबरातली. रविवारी आमच्या धाकटीचा, दीपालीचा साखरपुडा. मुलगा किकवीचा. त्यांचं हमरस्त्याला बी-बियाणं, औषधांचं दुकान आहे, माणसं चांगली, मुलगा शांत, आणि महत्त्वाचं म्हणजे दीपालीला तो मनापासून आवडलेला. फक्त मुलाच्या आत्याबाईंचं मन थोडं आडवं होतं. त्यांनी शिवऱ्याची एक मुलगी आधीपासून हेरून ठेवली होती. आणि त्या रविवारनंतर लगेच पौष लागत होता. म्हणजे हा मुहूर्त हुकला की महिनाभर काही नाही, आणि महिनाभरात आत्याबाई काय काय करतील याचा नेम नाही. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही होतं, हे विशेष.

बुधवारी रात्री अवकाळी पाऊस आला. गुरुवारी सकाळी मी कानटोपी घालून मापकापाशी गेलो. थंडीनं बोटं गारठलेली. काचेचं माप हातात घेतलं आणि खळ्ळकन्... गेलं! फरशीवर तुकडे तुकडे.

साडेआठ वाजत आलेले. आकड्याला उशीर कसा चालेल? मी स्वयंपाकघरात घुसलो. ओट्यावर दुधाची बाटली दिसली. थोरली मुलगी सुनीता तिच्या तान्ह्याला घेऊन आलेली, त्या बाळाची. बाटलीवर बघतो तर काय, कशा सुबक रेघा! तीस, साठ, नव्वद, थेट दोनशे चाळीसपर्यंत. आणि शेजारी लिहिलेलं, 'मिली'.

आहे की नाही देवाची करणी?

मापकातलं पाणी ओतलं. बाटली काठोकाठ भरली, दोनशे चाळीस. रिकामी केली, उरलेलं ओतलं, अजून वीस. बेरीज केली. बेरीज मात्र बरोबर केली हं! दोनशे साठ.

दोनशे साठ मिली! माझ्या वहीत डिसेंबरातला सगळ्यात मोठा पाऊस होता नऊ. मी वही तीनदा बघितली. 

"अगं, विक्रम झालाय!" मी ओरडलो.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "कसला?"

"रात्री दोनशे साठ मिली पाऊस झाला!"

"अवो, तासाभरात तर थांबला. दोरीवरची चादर बी निथळली न्हाई धड."

"तू अंदाज सांगतेस. मी मोजमाप सांगतोय."

"बरं," म्हणाली आणि भाकरी उलटली. तीस वर्षांत तिनं माझ्या गणिताशी वाद घातला नव्हता. त्या दिवशी घालायला हवा होता.

आणि आषाढात आमच्याकडं दोनशे साठ होतो की हो! त्याचं नवल नाही. म्हणून तर मला शंका आली नाही. मी ग्रुपवर टाकलं: 'डिसेंबरात विक्रमी पाऊस! २६० मिमी. सविस्तर नोंद माझ्याकडे उपलब्ध.' एकक आवर्जून लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एकक लिहून माती खाल्ली.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले. माझा आकडा ग्रुपवरून उडाला आणि गावोगाव फिरला. कुणीतरी त्याला कुठल्याशा पुराचा व्हिडिओ जोडला, त्यात एक म्हैस पत्र्यावर उभी. खाली ओळ, 'गुंजवण्याच्या खोऱ्यात ढगफुटी'. ती म्हैस आमच्याकडची नव्हती. आमच्याकडच्या म्हशी गोठ्यात कडबा खात होत्या. पुण्याहून मेव्हण्याचा फोन, "भावजी, नेसत्या कपड्यानिशी निघा!" राजगडावर येणारी शनिवारची मंडळी रद्द झाली. शेजारचा बाळू मला येऊन विचारतो, "गुरुजी, ढगफुटी कुठं झाली वो?" मी म्हटलं, "हितंच." त्यानं आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेला.

मग किकवीहून व्याह्यांचा फोन आला.

"पाव्हणं, ठीक हाय न्हवं समदी? पूल ऱ्हायलाय का?"

आता इथं शहाण्या माणसानं काय म्हणावं? सगळं ठीक आहे, रविवारी या. बस्स! पण माझ्या अंगात विक्रम संचारला होता.

"अहो, अभूतपूर्व!" मी म्हटलं. "माझ्या वहीत असा पाऊस नाही. हिवाळ्यात असं कधी घडलेलंच नाही!"

"बाप रे! मग रस्तं?"

"रस्त्याचं मी सांगू शकत नाही, मी फक्त पावसाचं सांगतो."

मग मागून एक बाईमाणसाचा आवाज आला, "म्या म्हनलं व्हतं, शिवरं बरं. हमरस्ता हाय."

व्याही म्हणाले, "पाव्हणं, मग आसं करू. रविवारचं ऱ्हाऊ द्या. पौष झाल्यावर बघू कसं ते."

फोन ठेवला तर मागं दीपाली उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तशीच आत निघून गेली. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की दोनशे साठ मिली पाऊस माझ्या एकट्याच्या अंगावर पडला असता तरी परवडला असता.

तेवढ्यात सुनीता बाहेर आली. हातात बाटली.

"अण्णा, बाळाच्या बाटलीत ह्यो पालापाचोळा कसला?"

"त्या बाटलीनं मी पाऊस मोजला. माप फुटलं."

"ह्या बाटलीनं?"

"त्यात काय झालं? मिलीच्या रेघा आहेत की."

सुनीता माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू, जशी मी ढ पोरांना समजावायचो तशी म्हणाली, "अण्णा, ह्यो मिली म्हंजे मिलीलीटर. नायतर आमचं बाळ सकाळ-संध्याकाळ ढगफुटी पितंय म्हणायचं का?"

मी वही-पेन्सिल ओढली.

हिशोब सोपा होता. चौथीच्या पोराला आला असता. माझ्या मापकाच्या तोंडाला वीस मिलीलीटर पाणी म्हणजे एक मिलीमीटर पाऊस. दोनशे साठ भागिले वीस, तेरा. पाऊस पडला होता तेरा! आणि गंमत बघा, तेरा हासुद्धा माझ्या वहीतला डिसेंबरातला विक्रमच होता. पण आता ते विचारतो कोण?

ताबडतोब ग्रुपवर लिहिलं: 'चूक झाली. पाऊस २६० नसून १३ मिमी आहे. क्षमस्व.' वाटलं, प्रकरण मिटलं.

कशाचं मिटतंय! पहिलं उत्तर आलं, 'गुरुजी, कुणाचा फोन आला होता?' दुसरं, 'गुरुजींवर दबाव आणला.' तिसरं, 'घाबरू नका गुरुजी, आमी तुमच्या पाठीशी हाय!' एकानं तर मूठ आवळलेली चित्रं टाकली, सात. तीस वर्षांत मला एवढा पाठिंबा कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो चुकीच्या उत्तराला.

व्याह्यांना फोन केला. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमचं दुःख कळतंय आमाला. पन साखरपुडा मोडू नये म्हनून पाऊस कमी करून सांगू नका. जिवाशी खेळ हाय."

आता? दीपालीनं जेवणाचं ताट तसंच ठेवलेलं. म्हटलं, पोरीचं वाटोळं बापाच्या आकड्यानं व्हायला नको. उठलो. पिशवीत दुधाची बाटली टाकली, मापकाचं नरसाळं टाकलं आणि त्या नरसाळ्याच्या तोंडाएवढा रुंद एक स्टीलचा डबा घेतला. स्कूटरला किक मारली. रस्ता कोरडा ठणठणीत होता. किकवीला पोचेपर्यंत मी धुरळ्यानं असा माखलो होतो की तोच पुरावा म्हणून दाखवावा.

दुकानामागंच त्यांचं घर. व्याही, विहीणबाई, आत्याबाई, सगळे पडवीत. मला बघून उठलेच. "पाव्हणं! वाचला का?"

"मी प्रात्यक्षिक दाखवायला आलोय," मी म्हटलं. पाणी न पिता खाली बसलो आणि पिशवी उघडली. डबा काढला. नरसाळं काढलं. आणि दुधाची बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली.

सगळे बाटलीकडं बघायला लागले.

आत्याबाई म्हणाल्या, "ही कुनाची?"

"आमच्या बाळाची."

"कंच्या बाळाची?"

"अहो, घरात बाळ आहे ना! मुलीचं."

मी आपला माझ्या प्रयोगाच्या नादात. माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या घ्यायला मान वर केली तर विहीणबाईंनी पदर तोंडाला लावलेला. व्याह्यांचा चेहरा पांढरा फटक. आत्याबाई मात्र एकदम ताज्यातवान्या झालेल्या.

"मुलीचं?" त्या म्हणाल्या. "आन हे आता सांगताय व्हय?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखादं लग्न ठरून मोडलं असतं.

"थोरलीचं!" मी किंचाळलो. "थोरलीचं हो! सुनीताचं! लग्न झालेलीचं! माहेरी आलीय!"

"मंग तसं बोला की," व्याही म्हणाले आणि त्यांनी स्वतःच ते तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. ते माझ्या प्रयोगाचं होतं. दुसरं आणावं लागलं.

मग मी बाटलीनं दोनशे साठ मिलीलीटर पाणी मोजलं आणि सगळ्यांसमोर त्या डब्यात ओतलं. व्याह्यांना म्हटलं, "घाला बोट. आडवं धरा." त्यांनी आडवं बोट बुडाशी धरलं. पाणी जेमतेम बोटाच्या जाडीएवढं.

"येवडाच पाऊस?"

"एवढाच. बाकी सगळा माझ्या डोक्यातला."

व्याही आधी गालात हसले, मग मोठ्यानं. विहीणबाई हसल्या. मुलगा दुकानातून डोकावून बघत होता, तोही हसला. माझ्या जिवात जीव आला. व्याही म्हणाले, "मंग रविवारचं पक्कं!"

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या.

पुन्हा सगळं गार.

"पाव्हणं, पोरगी चांगली हाय, त्यात वाद न्हाई. पन आमचं औषधाचं दुकान. उद्या हीच सून गल्ल्यावर बसणार. पंपाला किती मिली औषध टाकायचं, ती सांगणार गिऱ्हाइकाला. म्हनून एकच इचारते, खरं सांगा." त्यांनी डब्यातल्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पोरीला गणित कुनी शिकवलं?"

तीस वर्षं! तीस वर्षं मी छाती पुढं काढून हिंडलो. मी घडवलेली पोरं आज बँकेत आहेत, एसटीत कंडक्टर आहेत, एक तर अभियंता आहे. आणि दीपाली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. गणितात कधी एक गुण गेला नाही तिचा, एककसुद्धा विसरली नाही कधी.

दारात तो मुलगा श्वास रोखून उभा होता. मला घरातलं ते न खाल्लेलं ताट आठवलं.

"छे छे!" मी म्हटलं. "गणिताला आमच्या शाळेत दुसरे गुरुजी होते. फार हुशार माणूस!"

"मंग काय हरकत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि आत जाऊन चहा टाकला.

रविवारी साखरपुडा थाटात झाला. आता लग्नही झालंय, दीपाली गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकं तिच्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आत्याबाई येता-जाता त्या दुसऱ्या गुरुजींचं कौतुक करतात. परवा म्हणाल्या, एकदा त्यांना घरी जेवायला घेऊन या.

आता त्यांना कसं सांगू, की आमची शाळा एकशिक्षकी होती?