वयनीची ओळखपाळख

फोनवर चुकून नंबर लागलेल्या माणसालाही वयनी सहजासहजी सोडत नसे. “तूं खंयचो? कोणाचो झील?” इथून सुरुवात. तो डिचोलीकडचा निघाला, की मग विचारायलाच नको. वयनीचं माहेर त्याच भागातलं, सर्वणचं. तिथलं नारळी-पोफळीचं कुळागर, भाऊ, पुण्यात नोकरीला असलेला भाचा दीपक, त्याच्या लग्नात रुसलेली विहीण, सगळं सांगून झाल्यावर ती विचारी, “पूण तुवें फोन कोणाक केल्लो रे?”

तशी ती आमच्या शेजारच्या घरची थोरली सून, पण पेडण्यातल्या आमच्या अख्ख्या वाड्याची वयनी. तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. अमक्याच्या घरी जेवण पोचवा म्हणाली, की पोचायचं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्यांचीही तीच गत. “बँकेंतलो? बरें. पूण आवय कशी आसा तुजी?” आईची चौकशी ऐकून एकाने घाबरून फोनच ठेवला. वयनीला वाईट वाटलं. “आवयचें नांव काडल्यार कोण धांवता रे?”

मी बजावत असे, “वयनी, अनोळखी माणसाला घरचं काही सांगू नये.”

“सांगनासतना वळख कशी जातली?”

पुढे एका गृहस्थाने ही सगळी वंशावळ निवांत ऐकून घेतली आणि चार दिवसांनी दीपक बनून फोन केला. मी तेव्हा तिच्याच सोप्यावर बसलो होतो. तिला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा.

“आत्या, मी दीपक. माझा फोन मोडला, हा नवा नंबर. तुझ्या मोबाइलवर चुकून माझा एक कोड गेलाय, तेवढा वाचून दाखव ना.”

पुण्यात राहून भाच्याची बोली बदलली होती, त्यामुळे वयनीला काहीच खटकलं नाही. मी हातवारे करून नको नको म्हणत होतो. तो कोड गेला असता, तर तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हाती जाऊन तो वयनी झाला असता, आणि वयनीने पैसे मागितले म्हटल्यावर वाड्याने डोळे मिटून दिले असते. तिने मला हातानेच गप्प केलं आणि चष्मा शोधता शोधता विचारलं, “जेवलो मरे?”

“हो आत्या.”

“नुस्त्याक कितें आसलें?”

“बांगडे! मस्त तळलेले.”

वयनीचा हात थांबला. “आज सोमार. आमगेर सोमारा कोण नुस्तें खाता? कोण रे तूं?”

फोन बंद. मला हसू आवरेना. हसतच मी तिला त्या कोडमागची भानगड समजावली. पण वयनी हसली नाही. हळूच म्हणाली, “म्हणजे माझें नांव घेवन तो तुमकां फटोवपाचो आसलो?”

त्याच संध्याकाळी काठी टेकत ती घरोघर गेली. “चूक माझी. घरचें सगळें हांवेंच सांगलें. फुडें माझ्या नांवान कोणें कितेंय मागलें, तर दिवंक नाका. माका जाय जाल्यार हांव घरा येतलीं. तुमीय तशेंच करात. कोणाचोय असलो मेसेज आयलो, तर घरा वचून पळयात.” मेसेजवर विसंबायचं नाही, घरी जाऊन बघायचं, हे तिने प्रत्येक घरी बजावलं आणि चहाही घेतला. ते तर ओघाने आलंच.

गेल्या वर्षी वयनी गेली. परवा कुणीतरी माझं नाव आणि फोटो लावून वाड्यावर मेसेज धाडला: दवाखान्यात आहे, लगेच पैसे पाठवा. मला पत्ताच नाही, मी परसात नारळ सोलत बसलेलो. एवढ्यात समोरचा बाबलो धापा टाकत आला, मागून त्याची बायको, मग वरच्या घरची सगळीच. “तूं बरो मरे?” म्हणत बाबलोने माझा हात घट्ट धरला. मेसेजला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. सगळे मला बघायला चालत आले होते.

माझे डोळे भरून आले. सगळ्यांना बसवून मी चहाचं आधण ठेवलं. वयनी असती, तर सगळ्यांच्या आधी तीच पोचली असती.