जोडीतलं दुसरं मडकं

माझा दीर देवमाणूस होता म्हणे. मेल्यावर सगळेच देवमाणूस होतात. मी नाही म्हणणार.

सायखेड्याजवळ नदीकाठी आमचं धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं घर. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती अंथरायची, ती पांढरीच्या टेकाडावरून आणायची. ते टेकाड म्हणजे गाडलं गेलेलं जुनं गाव, हे आम्हाला कुठं ठाऊक! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते गाव खणून डोक्यावर अंथरत होतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मला सातवा महिना, तरी पाट्या वाहत होते. नवऱ्याच्या कुदळीला खापर लागलं. दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. पूर्वी जवळच्याच शिवारात राजाच्या चांदीच्या नाण्यांचा हंडा निघाला होता. दिराचे डोळेच फिरले.

"राजाचं धन हाय! मी आधी बघितलं!"

"कुदळ माझी," नवरा म्हणाला.

झालं, सख्खे भाऊ पक्के वैरी! दिरानं नवऱ्याच्या खांद्यात फावडं घातलं. रक्ताची धार लागली. नवऱ्यानं त्याला पाडून दगडानं तोंड ठेचलं, दोन दात मातीत पडले. मी ओरडत मधे पडले आणि दिराच्या फावड्याचा दांडा माझ्या पोटात बसला. मी लोळत होते, हे मेले मडक्यालाच झोंबत होते. एक मडकं फुटलं. आत तान्ह्या मुलाची हाडं, काडीसारखी. तेव्हा कुठं नवरा माझ्याकडं वळला.

संध्याकाळी मला मेलेली मुलगी झाली. सासू म्हणाली, फडक्यात गुंडाळून नदीकाठी पुरा. मी म्हटलं, "नाय. कोल्ही उकरतील." नवऱ्यानं धड राहिलेलं मडकं आणलं आणि एका हातानं चुलीमागची जमीन खणली.

पुढं टेकाड बघायला सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. म्हणाले, तीन हजार वर्षांपूर्वी लोक तान्हं मूल असंच दोन मडक्यांत ठेवून घरातल्या जमिनीखाली पुरत. मी नाण्यांचं विचारलं. ती म्हणे पुष्कळ नंतरची, नाण्यावरच्या हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकणाऱ्यानं आपला छाप ठोकलेला.

"म्हणजे आमच्या घरातल्या भावांसारखंच," मी म्हटलं.

"दुसरं मडकं कुठंय, बाई?"

"फुटलं," मी सरळ खोटं बोलले. त्या परक्या लेकराची हाडं त्यांनी खोक्यात भरून नेली. त्याची आई नव्हती अडवायला.

ऐंशीनंतर आम्ही शहरात इंदिरानगरला राहायला आलो. तिकडं गावी दिरानं धाबं पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं. कळल्याबरोबर मी एस्टीनं गेले आणि चुलीमागं बसकण मारली. भावजीबिवजी विसरून म्हटलं, "इथं कुदळ लावलीस तर उरलेले दात मी पाडीन!"

तो दचकला. "काय पुरलंय, वहिनी? धन?"

"व्हय, धनच. तुझ्या फावड्यानं मेलेली माझी लेक."

त्यानं कुदळ खाली ठेवली. आता तिथं सगळीकडं फरशी आहे. चुलीमागची हातभर जागा तेवढी अजून मातीची आहे. मी जाते तेव्हा सारवते.